माध्वी, मोहा आणि पहिली धार

वऱ्हाडातील जुन्या घरांच्या माळ्यांवरून वैद्यकाची जी बाडे संग्राहकांच्या हाती येतात, त्यांत आसव, अरिष्ट, सुरा, शीधु, अर्क आणि दारू हे शब्द पानोपानी भेटतात. वाचणारा बहुधा हे सर्व शब्द पर्याय म्हणून घेतो, आणि सूची करणारा तर ‘मद्यप्रकरण’ एवढेच लिहून पुढे जातो. वस्तुतः यांपैकी प्रत्येक शब्दामागे निराळी क्रिया, निराळे पात्र व पुष्कळदा निराळा काळही उभा असतो. तो भेद ओळखता आला तर पोथीच्या कालनिर्णयास त्याचा उपयोग होतो. न ओळखला तर भाषांतरात असे काही शिरते, जे मूळ ग्रंथकाराच्या स्वप्नीही नव्हते. या भेदाची फोड प्रस्तुत लेखात मोहाच्या मद्याच्या उदाहरणाने करण्याचे योजिले आहे. हेच उदाहरण घेण्याचे कारण असे की, मोहाचे मद्य ग्रंथांतही आहे आणि आमच्या जिल्ह्याच्या उत्तरेस, मेळघाटातही आहे.

प्रथम वृक्षाच्या नावाविषयी. मोहाचे फूल मनास मोह पाडते म्हणून वृक्षास मोह म्हणतात, ही व्युत्पत्ती व्याख्यानांतून हौसेने सांगितली जाते. ती खोटी आहे. संस्कृत ‘मधूक’, प्राकृत ‘महुअ’, व त्यावरून मराठी ‘मोह’, असा हा सरळ प्रवास असून ‘मुह्’ धातूशी त्याचा काही संबंध नाही. मुळाशी आहे तो ‘मधु’ शब्द. त्याचेच भावंड ग्रीक भाषेत ‘मेथु’ या रूपाने मद्याच्या अर्थी नांदले, आणि इंग्रजांचे मधापासून होणारे ‘मीड’ हेही त्याच कुळातले. हा ‘मेथु’ पुढे पुन्हा एकदा आपणांस भेटणार आहे, व तेही फार विपरीत जागी.

मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात सुरेचे गौडी, पैष्टी व माध्वी असे तीन प्रकार सांगितले आहेत, हे वाचकांस विदित आहेच. गौडी गुळाची, पैष्टी पिठाची. माध्वीविषयी मात्र टीकाकारांत एकमत नाही. कोणी मधाकडे, कोणी द्राक्षाकडे वळतात. कुल्लूक ती मधूकवृक्षाच्या फुलांची समजतो, आणि ज्या प्रदेशात मोहवृक्ष विपुल आहे तेथील वाचकास त्याचेच म्हणणे पटण्यासारखे आहे. आता गंमत पाहा. ब्यूलर या जर्मन पंडिताने १८८६ साली मनुस्मृतीचे जे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, त्यात या तिन्ही सुरांना ‘ऊर्ध्वपातित’, म्हणजे भट्टीतून काढलेल्या, असे विशेषण लागले आहे. मुळात असा शब्द नाही. ब्यूलरसारख्या सावध पुरुषाच्या हातूनही हे घडले, याचे कारण एवढेच की त्याच्या काळी हिंदुस्थानात ‘मोहाची’ म्हटले की भट्टीच डोळ्यांपुढे येत असे. जे डोळ्यांपुढे आहे तेच दोन हजार वर्षांपूर्वी होते असे धरून चालण्याची खोड आपणां संशोधकांसही कमी नाही.

मद्याच्या दोन क्रिया अगदी भिन्न आहेत. एक संधान, म्हणजे गोड किंवा पिठूळ द्रव्य पाण्यात घालून ते आंबविणे. अमरकोशात संधान शब्द आहे, आंबविण्यास लागणाऱ्या विरजणास ‘किण्व’ व ‘नग्नहू’ हे शब्द आहेत, आणि आजच्या शास्त्रीय मराठीतील ‘किण्वन’ त्याच किण्वावरून आले. दुसरी क्रिया ऊर्ध्वपातनाची. आंबलेला रस तापविला असता त्यातील मद्यसार पाण्याच्या आधी वाफ होते, कारण ते सुमारे ७८ अंश सेंटिग्रेडवर उकळते व पाणी १०० वर. ती वाफ थंड पृष्ठावर धरली म्हणजे थेंब पडतात, व ते थेंब म्हणजे धारेचे मद्य. नुसत्या संधानाने मद्याची तीव्रता एका मर्यादेपलीकडे जात नाही. मद्यसार वाढले म्हणजे ते निर्माण करणारे किण्वच त्यात मरते. ती मर्यादा ओलांडणे हे भट्टीचे काम आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील सुराध्यक्षाचे प्रकरण ज्यांनी लक्षपूर्वक वाचले असेल त्यांस आढळले असेल की तेथे मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय व मधु अशी सहा मद्ये असून बहुतेकांची मापे दिली आहेत. मेदकास एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ, तीन प्रस्थ किण्व. मैरेयास मेषशृंगीच्या सालीचा काढा, गूळ, पिंपळी व मिरी. चरकाने तर आसवांच्या धान्य, फळ, मूळ, सार, पुष्प, कांड, पत्र, त्वक् व शर्करा अशा नऊ योनी सांगून एकंदर ८४ आसवे मोजली, आणि पुष्पासवे जी दहा आहेत त्यांत मधूक आहे व धातकीही आहे. धातकी म्हणजे आपली धायटी. तिची फुले आजही वैद्य लोक आसवात घालतात. एवढी सर्व मापे दिली आहेत. परंतु वाफ धरण्याच्या पात्राचे, नळीचे किंवा थंड पाण्याच्या झाकणाचे वर्णन या ठिकाणी नाही. ज्या ग्रंथकाराने प्रस्थ व पल मोजून लिहिले, तो मुख्य यंत्रच सांगावयाचा विसरला असे मानणे कठीण आहे.

या मताविरुद्ध पुरावा नाही असे मात्र नाही, आणि तो वजनदार आहे. तक्षशिलेच्या उत्खननात मिळालेली मातीची पात्रे मार्शल याने १९५१ सालच्या आपल्या ग्रंथात एका जुळणीत मांडून दाखविली, आणि चारसद्द्याजवळील शैखान ढेरी येथे तशाच घाटाची पात्रे पुष्कळ सापडल्यावर ऑल्चिन या पुरातत्त्वज्ञाने १९७९ साली असा पक्ष मांडला की ऊर्ध्वपातनाची जन्मभूमी भारतच असावी. शुंडा म्हणजे सोंड, व शौंडिक म्हणजे सोंडेच्या यंत्राने मद्य काढणारा, असा शब्दाचा आधारही त्याने घेतला. उलट पक्षी, जेम्स मॅकह्यू यांनी भारतीय मद्यांवरील आपल्या २०२१ सालच्या ग्रंथात प्राचीन सुरा ही मुख्यतः संधानाचीच, हे पाठांच्या साह्याने दाखविले आहे. आमचे मत असे : पात्रे खरी आहेत, परंतु त्यांतून मद्यच गळत होते हे पात्रे सांगत नाहीत, आणि शौंडिकाच्या सोंडेवर यंत्र उभारणे म्हणजे शब्दावर त्याच्या शक्तीबाहेर ओझे घालणे होय. रसशास्त्राच्या ग्रंथांत, उदाहरणार्थ रसरत्नसमुच्चयात, तिर्यक्पातनयंत्र स्पष्ट आहे. एका घटास तिरपी नळी, ती दुसऱ्या घटात. पण ते पाऱ्यासाठी. पाऱ्याचे यंत्र मद्यास केव्हा लागले, हा प्रश्न खरा संशोधनाचा आहे, आणि त्याचे उत्तर छापील ग्रंथांपेक्षा हस्तलिखित बाडांतच निघण्याचा संभव अधिक.

येथे ‘अर्क’ शब्दाचा उपयोग सांगतो. संस्कृतात अर्क म्हणजे सूर्य किंवा रुई. ऊर्ध्वपातनाने काढलेले पाणी हा अर्थ त्यास अरबी ‘अरक’ या शब्दाच्या योगाने चिकटला. अरक म्हणजे घाम, भांड्याच्या झाकणास सुटलेला घाम. सबब एखाद्या संस्कृत वैद्यकपोथीत बडीशेपेचा किंवा गुलाबाचा अर्क काढण्याची रीत आली, तर तो भाग मुसलमानी वैद्यकाच्या सहवासानंतरचा समजावा, मग पोथीच्या शेवटी कर्ता म्हणून रावणाचे नाव असले तरी. ‘अर्कप्रकाश’ रावणाच्या नावावर आहे, हे प्रसिद्धच आहे. तसेच आसव व अरिष्ट यांत शार्ङ्गधरापासून जो भेद रूढ झाला, म्हणजे न उकळता केले ते आसव व काढा करून केले ते अरिष्ट, तो चरकाच्या पाठात लादू नये.

‘दारू’ शब्दाचा घोळ आणखी निराळा. हा फारशी शब्द मुळात औषधवाचक. मराठीत तो मद्यास लागला आणि बंदुकीच्या भुकटीसही लागला. मोडी कागदांत ‘दारू’ दिसली की निम्म्याहून अधिक वेळा ती तोफखान्याची असते. अमक्या किल्ल्यावर इतके मण दारू पाठविली, या नोंदीवरून तेथील शिबंदी मद्यपी होती असा निष्कर्ष काढल्याचे आम्ही प्रत्यक्ष छापलेले पाहिले आहे. लेखकाचे नाव येथे घेत नाही.

भट्टीचे स्पष्ट वर्णन पाहिजे असेल तर अबुल फजलाच्या आईन-इ-अकबरीकडे यावे. आमच्या वऱ्हाड सुभ्याची, गाविलगड व नरनाळा सरकारांसह, हकीकत ज्या ग्रंथात आहे त्याच ग्रंथात उसाचे मद्य काढण्याची रीत आहे. बाभळीची साल कुटून मणास दहा शेर या प्रमाणाने घालावी, तिप्पट पाणी ओतावे, रांजण जमिनीत पुरून भोवती घोड्याची सुकी लीद भरावी, व सात ते दहा दिवसांनी रस गोड पण तुरट लागू लागला म्हणजे तो सिद्ध झाला असे समजावे. पुढे मद्य काढण्याचे तीन प्रकार आहेत. पहिल्यात पितळेच्या भांड्यात मध्यभागी न हलणारा प्याला, वर उलटे झाकण व झाकणात थंड पाणी. वाफ झाकणाच्या पोटास लागून प्याल्यात थेंब पडतात. दुसऱ्यात दोन नळ्या व थंड पाण्यात ठेवलेल्या बरण्या. तिसऱ्यात पोकळ दांड्याची पळी. जे दोनदा काढीत त्यास ‘दुआतशा’, म्हणजे दोन अग्नींचे, म्हणत. तो हातास चोळून विस्तवाजवळ धरला तर रंगीत ज्वाळा उठतात व हात भाजत नाही, असेही अबुल फजल सांगतो.

आता या पहिल्या प्रकाराशेजारी मेळघाटातील रीत ठेवून पाहावी. धारणी व चिखलदरा तालुक्यांतील कोरकू वृद्धांच्या तोंडून आम्ही जी ऐकली ती अशी. चैत्राच्या सुमारास पहाटे फुले आपोआप गळतात. मांसल, फिकट पिवळी, द्राक्षासारखी. झाडाखालचा पाचोळा आधीच झाडून किंवा जाळून ठेवलेला असतो. फुले वाळवितात, वाळलेल्या फुलांत निम्म्याहून अधिक भाग साखरच असते, म्हणून ती वर्षभर टिकतात, भाकरीबरोबर खाल्ली जातात, आणि १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत मध्यप्रांत-वऱ्हाडच्या डोंगरी लोकांस त्यांनी जगविले आहे. पाण्यात भिजवून काही दिवस ठेवले म्हणजे फुलांचा सडवा तयार होतो. सडव्याचे मडके चुलीवर. त्यावर तळास छिद्रे पाडलेले दुसरे मडके, त्याच्या पोटात लहान भांडे. सर्वांवर थंड पाण्याचे पात्र. सांधे चिंध्यांनी व मातीने बंद. वरचे पाणी तापले की ते काढून नवे घालावयाचे, व हे किती वेळा केले यावरून मद्य तीव्र की सौम्य हे ठरते. पहिल्या पाण्याला जे उतरते ती पहिली धार. ‘पहिल्या धारेची’ हा शब्दप्रयोग आज मराठीत गाण्यापासून शिवीपर्यंत कशासही लावला जातो, पण त्याचा जन्म या चुलीपाशी आहे. आईनमधील पितळी भांडे आणि हे मडके यांत धातू व माती एवढाच फरक. बादशाही स्वयंपाकघरातून ही रीत डोंगरात गेली की डोंगरातूनच वर गेली, यावर पैज लावण्यास आम्ही सिद्ध नाही; परंतु सोय अशी आहे की या यंत्रास लोखंडी नळी लागत नाही, तांबटही लागत नाही, कुंभार पुरतो.

या मद्याची रुचिपरीक्षा केल्यावाचून त्याविषयी लिहिणे आम्हांस बरे वाटेना. स्मृतिकारांनी मद्याचा नुसता वास घेणेही जातिभ्रंशकर पातकांत गणले आहे, हे ठाऊक असूनही आम्ही तो घेतला. आमच्या राज्यात हातभट्टी गुन्हा आहे, सबब परीक्षेचे स्थळ मध्यप्रदेशातील एक पर्यटकनिवास. त्या राज्याने २०२२ च्या सुमारास मोहाच्या मद्यास वारसा-मद्य म्हणून मान्यता दिली, व आदिवासी स्त्रियांच्या बचतगटांकडून अलिराजपूर भागात ते लहान प्रमाणावर काढून बाटलीबंद केले जाते. वर्ण पाण्यासारखा स्वच्छ. गंध प्रथम मोहफुलाचाच, जो ज्यांनी चैत्रात मोहाखालून पायवाट तुडविली आहे त्यांस सांगावयास नको. गोड, थोडा कुबट, वाळत घातलेल्या फुलांच्या चटईचा. मागून गुळाच्या काकवीचा व ओल्या मातीचा. जिभेवर आरंभी मधुर, मग तीक्ष्ण, आणि शेवटी घशाशी कषाय. आईनमध्ये सिद्ध रसाची जी खूण मधुर-तुरट अशी सांगितली आहे ती धारेतही टिकून राहते, हे आम्हांस विशेष वाटले. तितकेच पाणी घातले असता दाह कमी होऊन फुलाचा गंध अधिक मोकळा होतो. आमच्या सोबतच्या तरुण मंडळींनी त्यात लिंबू व सोडा घातला; त्या योगाने पेय सुखकर झाले असेल, परंतु परीक्षेचे प्रयोजन बुडाले.

तुलनेसाठी त्याच मंडळींपैकी एकाने अमेरिकेहून आणलेली ‘राय’ नामक धान्याची व्हिस्की समोर ठेवली. हे धान्य आपणांकडे पिकत नाही, त्यास संस्कृत नाव नाही, आणि राय म्हणजे राई समजून मोहरीची दारू कशी निघते असे एका वृद्ध स्नेह्यांनी गंभीरपणे विचारले. गहू-जवाच्या जातीचे हे थंड प्रदेशातील धान्य. मनूच्या वर्गीकरणात ही पैष्टी, पण भट्टीतून काढून जाळीव ओक लाकडाच्या पिंपात मुरविलेली. अमेरिकेच्या कायद्याने अशा व्हिस्कीत निदान ५१ टक्के राय पाहिजे व पिंप नवे पाहिजे. जॉर्ज वॉशिंग्टन यानेच १७९७ साली आपल्या माउंट व्हर्नन येथील शेतीवर भट्टी घातली, तिच्या धान्यात ६० टक्के राय, ३५ टक्के मका व ५ टक्के जवाचे माल्ट असे. १७९९ साली तीतून सुमारे ११,००० गॅलन मद्य निघाले. बाटलीवर ‘लहान घाण्याची’ अशा अर्थाचे शब्द अभिमानाने छापले होते. त्या शब्दांना त्या देशात कायद्याची व्याख्या नाही. मडक्यामडक्याने निघणारे मोहाचे मद्य याहून लहान घाण्याचे असते, आणि तेथे ते शब्द कोणी छापीत नाही. रुची म्हणावी तर राय मिरी-लवंगेसारखी कटु व कोरडी; तिचा पिंगट वर्ण आणि व्हॅनिलासारखा गोडवा हे लाकडाचे दान आहे, धान्याचे नव्हे. मोहाच्या मद्यात लाकूड नाही; जे आहे ते फुलाचे. महाराष्ट्रातही डहाणू येथील एका जुन्या पारशी घराण्याच्या मद्यशाळेने अलीकडे मोहाचे मद्य, काही पिंपात मुरवूनही, बाजारात आणले आहे. तथापि परीक्षक म्हणून विचाराल तर हे फूल पिंपात घालू नये, असे आमचे मत.

हे सर्व लिहीत असता वऱ्हाडी वाचकाच्या मनात निराळा विचार येत असेल, आणि तो दडविणे प्रामाणिकपणाचे नाही. हा गाडगेबाबांचा जिल्हा आहे. शेंडगावी जन्मलेल्या त्या पुरुषाचे पितृछत्र मद्याने हिरावले, आणि पुढे आयुष्यभर त्यांनी कीर्तनांतून जे सांगितले ते या प्रांतात कोणासही नव्याने सांगावे लागत नाही. मद्याची थोरवी गाण्याचा आमचा हेतू नाही. परंतु इतिहास पाहू जाता असे दिसते की, राजसत्तेने मोहाच्या मद्याचा पाठलाग जेव्हा केला, तेव्हा तो बहुधा नीतीसाठी नव्हे, वसुलीसाठी केला. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांकडे आले, १९०२ मध्ये कायमच्या पट्ट्याने राहिले व १९०३ पासून मध्यप्रांताला जोडले गेले. या काळातील आबकारी पद्धती दोन : एकीत मक्तेदाराने ठराव रक्कम भरून आपल्या हद्दीत भट्टी घालावी, दुसरीत मद्य एकाच सरकारी देखरेखीच्या भट्टीत निघावे आणि कर गॅलनवर व तीव्रतेवर बसावा. दुसऱ्या पद्धतीत घरच्या मडक्यास जागाच उरली नाही. मुंबई इलाख्यात तर १८९२ च्या मोहफुलांच्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत नुसती फुले बाळगण्यावर बंधन आले. म्हणजे मद्य नव्हे, झाडाचे फूलच संशयित ठरले. मध्यप्रांत-वऱ्हाडचा दारूबंदीचा कायदा १९३८ चा, मुंबईचा १९४९ चा, व तो आज महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने आम्हांसही लागू आहे. मोहफुलांवरील निर्बंध राज्यशासनाने २०२१ मध्ये शिथिल केले.

कौटिल्य या बाबतीत अधिक व्यवहारी होता. सुरेचा धंदा राजाच्या ताब्यात ठेवूनही त्याने कुटुंबीयांस कार्यप्रसंगी श्वेतसुरा, व औषधासाठी अरिष्ट, घरी करण्याची मोकळीक दिली, आणि उत्सव, समाज व यात्रा यांत चार दिवस सुरा काढण्याची मुभा ठेवली. कोरकू घरात जन्म, लग्न व मरण यांपैकी काहीही मोहाच्या धारेवाचून पार पडत नसे, आणि तेथे सरकारी शिपाई पोहोचला म्हणजे फुटत असे ते त्या कार्याचे मडके. विषाचा प्रश्न आणावयाचा तर २०१५ साली मुंबईत मालवणी येथे शंभरांहून अधिक माणसे मेली ती मेथिल मद्यसाराने, जे कारखान्यातून येते, फुलातून नव्हे. या ‘मेथिल’ शब्दात तोच ग्रीक ‘मेथु’ आहे, ‘लाकूड’ या अर्थाच्या शब्दाशी जोडलेला. फ्रेंच रसायनज्ञांनी १८३४ च्या सुमारास तो घडविला. मधूचे भावंड विषाच्या बाटलीवर जाऊन बसले ते असे.

आबकारीचे जुने कागद ज्यांच्या संग्रहात आहेत त्यांच्यासाठी एका मापाची फोड करून ठेवतो, कारण ती न कळल्यामुळे आकड्यांची तुलना चुकते. या कागदांत मद्याची तीव्रता ‘लंडन प्रूफ’ या मानाने, व त्याखाली इतके अंश, अशी दिलेली असते. प्रूफ म्हणजे कसोटी. मूळची कसोटी अशी की मद्य बंदुकीच्या दारूवर ओतून पेटवावे. दारू पेटली तर मद्य कसास उतरले. दारूने दारूची परीक्षा, हा श्लेष इंग्रजीत साधत नाही. पुढे १८१६ पासून साइक्स याच्या तरंगमापकाने हे मान ठरू लागले, व कसाचे मद्य म्हणजे आकारमानाने सुमारे ५७.१ टक्के मद्यसार असलेले, असे निश्चित झाले. म्हणून ‘२५ अंडर प्रूफ’ म्हणजे ५७.१ चे पाऊण, अर्थात ४२.८ टक्के, आणि ‘६० अंडर प्रूफ’ म्हणजे दोन पंचमांश, सुमारे २२.८ टक्के. एखाद्या वर्षी अमुक गॅलन खपले व पुढील वर्षी त्याहून अधिक, एवढ्यावरून पिणे वाढले असे म्हणू नये. मधल्या काळात २५ चे ६० झाले असेल तर उलटच घडलेले असावयाचे. हिंदुस्थानात निघणाऱ्या व्हिस्कीच्या बाटलीवर आजही ४२.८ हा विचित्र आकडा छापलेला दिसतो. तो त्या जुन्या पंचविसाचा अवशेष आहे.

भट्टी चालविणाऱ्यांच्या नावाचा मागही असाच लांब जातो. कलाल हा शब्द ‘कल्यपाल’ यावरून आला, व ‘कल्या’ म्हणजे मद्य. आबकारी मात्र फारशी. गावच्या कागदांत कलाल आणि आबकारी शेजारी शेजारी येतात तेव्हा धंदा एका भाषेतला व कर दुसऱ्या भाषेतला, हे त्या ओळीतच दिसते.

शेवटी एक शब्द, ज्यावर भाषाभ्यासकांनी विचार करावा. कोरकू लोक मोहाच्या मद्यास ‘सिडू’ म्हणतात. संस्कृत ‘शीधु’ हा शब्द सुश्रुतात आहे, अमरकोशात आहे. वैद्यकात त्याचे पक्वरस व शीतरस असे दोन भेद असून दोन्ही उसाच्या रसाचे, एक उकळून व एक न उकळता. ध्वनिसाम्य मोठे मोहक आहे. परंतु कोरकू ही मुंडा कुळातील भाषा असून संस्कृताशी तिचा जन्मसंबंध नाही. तेव्हा शब्द इकडून तिकडे गेला असेल, तिकडून इकडे आला असेल, किंवा दोन्ही बाजूंस तिसऱ्याच कोणाकडून आला असेल. ‘ध’चा ‘ड’ कसा झाला हे दाखविले पाहिजे. शेजारच्या मुंडा भाषांत मद्यास काय म्हणतात ते तपासले पाहिजे. आणि उसाचे नाव मोहास का लागले, हे सांगितले पाहिजे, कारण मेळघाटाच्या उतारावर ऊस हे जुने पीक नव्हे. तोपर्यंत कोशात ‘सिडू’पुढे ‘सं. शीधु’ असे छापू नये.